द्वेषाचा गोळीबार : जयपूर-मुंबई एक्सप्रेसपासून अमेरिकेतल्या चॅपल हिलपर्यंत

अमेरिकेत कुठे मशिदीबाहेर किंवा मुस्लिम कुटुंबावर गोळीबार झाला की आपल्या मोबाईलवर बातमी येते. नवी मुंबईतल्या बऱ्याच घरांतली मुलं शिक्षणासाठी, नोकरीसाठी तिकडे आहेत, त्यामुळे काळजी वाटणं साहजिक आहे. पण असा गोळीबार आपल्या मुंबईच्या दारातही झालेला आहे. त्या घटनेची माहिती, अमेरिकेतली तशीच प्रकरणं आणि आपल्याकडचा कायदा वाचकांसाठी इथे एकत्र देत आहोत.

३१ जुलै २०२३ : काय घडलं?

सोमवारची पहाट होती. जयपूरहून मुंबई सेंट्रलला येणारी सुपरफास्ट एक्सप्रेस (१२९५६) पालघर जिल्ह्यातून जात होती. गाडीत बंदोबस्तावर असलेला रेल्वे सुरक्षा दलाचा कॉन्स्टेबल चेतन सिंह चौधरी याने सरकारी रायफलमधून गोळ्या झाडल्या, असा आरोप आहे. सर्वात आधी त्याचे वरिष्ठ, सहाय्यक उपनिरीक्षक टीकाराम मीणा मारले गेले. त्यानंतर वेगवेगळ्या डब्यांत तीन प्रवासी मारले गेले आणि ते तिघंही मुसलमान होते.

मरहूम अब्दुल कादर भानपूरवाला नालासोपाऱ्याचे होते, गावाहून घरी परतत होते. सय्यद सैफुद्दीन मूळचे बिदरचे, हैदराबादमध्ये राहून मोबाईलच्या दुकानात काम करायचे. असगर अब्बास शेख मूळचे बिहारमधल्या मधुबनीचे, जयपूरमध्ये बांगड्यांच्या कामात होते आणि रोजगारासाठी मुंबईला येत होते.

हे तिघं एका डब्यात, एकत्र बसलेले नव्हते. मारणारा एका डब्यातून दुसऱ्या डब्यात गेला. एका मृतदेहाशेजारी उभं राहून तो पाकिस्तानबद्दल आणि हिंदुस्थानात राहायचं असेल तर मत कुणाला द्यायचं याबद्दल बोलत असल्याचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. रायफल रोखून आपल्याला घोषणा द्यायला लावली, असं एका बुरखाधारी महिला प्रवाशाने सांगितल्याचंही तपासात पुढे आलं. मीरा रोडच्या पुढे गाडी थांबल्यावर आरोपी पकडला गेला.

कारण कागदावर कधी आलं?

पहिल्या दिवसांत चर्चा झाली ती आरोपीच्या रागीट स्वभावाची, तब्येतीची आणि मानसिक स्थितीची. सुरुवातीच्या एफआयआरमध्ये खून, शस्त्र कायदा आणि रेल्वे कायद्याची कलमं होती. धर्माच्या आधारावर वैर पसरवण्याचं १५३अ हे कलम नंतर लावलं गेलं. त्याआधी व्हिडिओ बाहेर आला होता आणि प्रवाशांचे जबाब नोंदवले जात होते. आरोपीला ऑगस्ट २०२३ मध्ये नोकरीतून बडतर्फ केलं गेलं, ऑक्टोबरमध्ये आरोपपत्र दाखल झालं आणि डिसेंबरमध्ये दिंडोशी सत्र न्यायालयाने जामीन नाकारला. दोषी ठरवण्याचं काम न्यायालयाचं आहे. पण द्वेषाचं कारण कागदावर आलं ते साक्षी-पुराव्यामुळे, एवढं आपण लक्षात ठेवायला हवं.

अमेरिकेत काय होतं?

१० फेब्रुवारी २०१५ रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल इथे दिया बरकात, त्यांची पत्नी युसूर अबू-सल्हा आणि युसूरची बहीण रझान यांना शेजाऱ्याने घरात घुसून गोळ्या घातल्या. पोलिसांनी लगेच सांगितलं की हा पार्किंगचा वाद आहे. कुटुंबीय मात्र पहिल्या दिवसापासून म्हणत होते की या मुलींच्या डोक्यावर हिजाब होता म्हणून हे झालं. २०१९ मध्ये आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्याला तीन जन्मठेपा झाल्या. सुरुवातीच्या त्या निवेदनाबद्दल पोलीस प्रमुखांनी माफीही मागितली. पण द्वेषाच्या गुन्ह्याचं कलम लागलं नाही ते नाहीच.

दुसरं प्रकरण २२ फेब्रुवारी २०१७ चं, कॅन्ससमधल्या ओलेथचं. हैदराबादहून गेलेले इंजिनिअर श्रीनिवास कुचीभोतला यांना एका माणसाने इराणी समजून, आमच्या देशातून चालते व्हा असं ओरडत गोळ्या घातल्या. तिथे साक्षीदारांनी ते शब्द ऐकले होते. त्यामुळे खुनाच्या शिक्षेशिवाय केंद्रीय कायद्याखाली द्वेषाच्या गुन्ह्याचीही जन्मठेप झाली. मारले गेलेले श्रीनिवास मुसलमान नव्हते, हिंदू होते. त्याआधी, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात पगडी पाहून बलबीरसिंग सोढी या शीख बांधवाला मारलं गेलं होतं. द्वेष करणारा कुणाचा धर्म नीट विचारूनही घेत नाही.

अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था एफबीआय अशा गुन्ह्यांची वेगळी मोजदाद करते. २००० साली मुस्लिमविरोधी २८ घटनांची नोंद होती, २००१ मध्ये ती ४८१ झाली. अनेक घटना नोंदल्याच जात नाहीत हे खरं, पण निदान आकडा समोर असतो. आपल्याकडे मात्र केंद्र सरकारने २०२१ मध्ये संसदेत सांगितलं की राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग झुंडबळींची वेगळी आकडेवारी ठेवत नाही.

बंदुकीचा फरक

अमेरिकेत शस्त्र बाळगणं हा राज्यघटनेने दिलेला हक्क आहे, बंदूक दुकानात विकत मिळते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय बंदूक ठेवता येत नाही आणि परवाना सहज मिळत नाही. या कायद्यामुळे किती जीव वाचत असतील, अल्लाहच जाणे. पण त्या गाडीतली रायफल चोरून आणलेली नव्हती. ती प्रवाशांच्या रक्षणासाठी सरकारने दिलेली होती. म्हणून परवान्यांवर नियंत्रण पुरेसं नाही. शस्त्र ज्याच्या हातात द्यायचं त्याच्या डोक्यात काय चाललंय, हे तपासण्याची जबाबदारी त्या दलाचीच आहे.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो?

• भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ (जुनं १५३अ) धर्म, जात, भाषा इत्यादींच्या आधारावर वैर पसरवण्यासाठी आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. प्रार्थनास्थळी गुन्हा झाला तर पाच वर्षांपर्यंत.

• कलम १०३(२) झुंडीने केलेल्या खुनासाठी आहे. पण त्यासाठी पाच किंवा जास्त माणसं लागतात. एकट्याने केलेल्या खुनाला ते लागू होत नाही. त्यात वंश, जात किंवा समुदाय, भाषा, वैयक्तिक श्रद्धा असे शब्द आहेत. धर्म हा शब्द वेगळा लिहिलेला नाही.

• झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमावा, असा आदेश सुप्रीम कोर्टाने १७ जुलै २०१८ च्या तहसीन पूनावाला निकालात दिला.

• द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न पाहता पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा, असं सुप्रीम कोर्टाने २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना सांगितलं.

साक्ष का महत्त्वाची?

पुण्याचं उदाहरण समोर आहे. २ जून २०१४ रोजी हडपसरमध्ये सोलापूरचा तरुण मोहसीन शेख जमावाच्या मारहाणीत मारला गेला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने पुराव्याअभावी सर्व आरोपींना निर्दोष सोडलं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोर्टात सिद्ध झाली नाही.

नवी मुंबईच्या वाचकांसाठी

१. तातडीच्या मदतीसाठी ११२. रेल्वे प्रवासात १३९.

२. गुन्हा कुठेही घडला असला तरी जवळच्या पोलीस ठाण्यात 'झिरो एफआयआर' नोंदवता येतो. लोहमार्ग पोलीस ठाणी वाशी आणि पनवेलला आहेत.

३. जबाब देताना मारहाणीबरोबर समोरचा काय बोलला, तेही शब्दशः लिहून घ्यायला सांगा. दाढी, टोपी, बुरखा, नाव यांवरून काही बोलला असेल तर ते वगळू नका. सही करण्याआधी जबाब वाचा.

४. व्हिडिओ असेल तर मूळ मोबाईलमध्ये जपून ठेवा, पोलिसांना द्या. ग्रुपवर फिरवू नका. मरहूमच्या घरच्यांनी तो पाहावा असं कुणाला वाटेल?

५. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात पोलीस उपायुक्तांना पाठवा. तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

६. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात; खारघर, तळोजा, पनवेल रायगडमध्ये. देशभरासाठीचा नंबर १५१००.

७. प्रवासात शेजारच्या सीटवर कुणाला त्रास होताना दिसला, मग तो कुठल्याही धर्माचा असो, तर साक्ष द्यायला मागे हटू नका. त्या पहाटेच्या गाडीत नेमकं काय झालं, हे आज आपल्याला माहीत आहे ते बोलायला तयार झालेल्या प्रवाशांमुळे.