परभूमींतील एक कबर

ज्युबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगीं आम्ही वाचकांस दफनभूमीकडे नेत आहों, याचें कोणास नवल वाटेल. परंतु धर्मग्रामाचा इतिहास जसा बाप्तिस्म्याच्या वहींत असतो, तसाच तो क्रुसांवर कोरलेल्या नांवांतही असतो. एका नांवाचें मोल किती, हें मुंबईच्या एका वैमानिकाच्या कबरीवरून आम्हांस उमगलें.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षीं, दिनांक 1 एप्रिल 1918 रोजीं, ब्रिटिश आरमाराचें विमानदळ व लष्कराचें विमानदळ एकत्र करून रॉयल एअर फोर्स हें नवें दळ उभारण्यांत आलें. त्यांतील हिंदी वैमानिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर हे त्यांपैकीं एक. 27 जून 1918 रोजीं फ्रान्सच्या रणभूमीवर डॉल्फिन विमान घेऊन गेलेले वेलिणकर परत आले नाहींत. जखमी होऊन ते जर्मनांच्या हातीं सांपडले व 30 जून रोजीं मरण पावले. शत्रूनें त्यांस मूठमाती दिली. परंतु परकें आडनांव लिहितांना वेलिणकरांचें ‘वुमकर’ झालें. युद्ध संपलें, तरी त्यांच्या कबरीचा पत्ता लागेना. अखेर 1921 सालीं उलगडा झाला. आज फ्रान्समधील आंगार गांवच्या दफनभूमीच्या विस्तारित भागांत त्यांची कबर त्यांच्या खऱ्या नांवानें उभी आहे.

आतां आपल्या जिल्ह्याकडे पाहूं. त्याच वर्षांत अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें शेंकडों जर्मन नागरिक कांटेरी तारांआड नजरकैदेंत होते. या भागांत मिशनचा पाया घालणाऱ्या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंसही त्या युद्धानें या देशापासून दूर केलें. तिकडे जर्मन हात मुंबईच्या मुलास मातींत ठेवीत होते. इकडे जर्मन माणूस आपल्या दारीं बंदिवान होता. युद्धानें माणसांस शत्रू ठरविलें. मृत्यूनें तो भेद मानिला नाहीं.

पुण्याजवळ खडकी येथील युद्धस्मशानांतील स्मारकावर पहिल्या महायुद्धाच्या काळांत हिंदुस्थानांत मेलेल्या 1800 हून अधिक सैनिकांचीं नांवें आहेत. ज्या मुलकी व छावणीच्या दफनभूमींत ते पुरले गेले, तेथील त्यांच्या कबरी नीट राखणें शक्य उरलें नाहीं. म्हणून निदान नांवें तरी एके ठिकाणीं जपलीं गेलीं. देह कोठेंही असो, नांव हरवूं नये, हाच त्या शिळांचा अर्थ होय.

आपल्या दफनभूमींत सरकारी शिळा नाहींत. तेथें आपणच राखणदार आहों. कित्येक क्रुसांवरील अक्षरें पावसानें पुसट झालीं आहेत. त्यांखालीं कोण निजलें आहे, हें आज आपल्या वृद्धांस सांगतां येतें. उद्यां कोण सांगेल? तरी येत्या 2 नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या दिवशीं, प्रत्येक कुटुंबानें मेणबत्तीबरोबर रंगाचा डबा व कुंचलाही न्यावा, घरच्या कबरीवरील नांव शुद्ध लिहावें, आणि शेजारील बेवारस कबरीचें नांव वृद्धांस विचारून वहींत नोंदवावें. परक्यांनीं आपल्या एका मुलाचें नांव शोधून काढिलें. आपल्या माणसांचीं नांवें आपण हरवूं नयेत, एवढीच आमची नम्र विनंती आहे.