अवघड शत्रू, अर्धी कथा

व्हिडीओ गेम म्हणजे बोटांचा चाळा आणि वेळेचा अपव्यय, असा समज अनेक घरांत आजही आढळतो. मात्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर गाजलेल्या कित्येक खेळांचे आकर्षण दोन गोष्टींवर उभे आहे. एक, पुन:पुन्हा हरवणारा बलाढ्य शत्रू आणि दुसरी, तुकड्यातुकड्यांनी हाती लागणारी कथा. या दोन्ही गोष्टींची ही ओळख, कर्जत-खालापूरच्या डोंगरांच्या साक्षीने.

'बॉस' म्हणजे कोण?

गावच्या जत्रेतील कुस्त्यांचा फड डोळ्यांपुढे आणावा. आधी पोरांच्या रेवडीच्या कुस्त्या होतात, मग चढत्या इनामाच्या जोडी लागतात आणि दिवस कलताना मानाची शेवटची कुस्ती लागते. व्हिडीओ गेमची रचना पुष्कळदा अशीच असते. वाटेत किरकोळ शत्रू भेटत राहतात. टप्प्याच्या अखेरीस मात्र एकच बलाढ्य प्रतिस्पर्धी वाट अडवून उभा असतो. त्यालाच खेळाडूंच्या भाषेत 'बॉस' म्हणतात. कार्यालयातील साहेबाशी त्याचा संबंध नाही; अर्थात दोघांनाही चुकवून पुढे जाता येत नाही, एवढे साम्य आहे.

या कल्पनेचे मूळ १९७५ सालापर्यंत मागे नेता येते. अमेरिकेतील 'प्लेटो' या संगणक जाळ्यावर विद्यार्थ्यांनी रचलेल्या 'डीएनडी' या खेळात भुयाराच्या तळाशी खजिन्याची राखण करणारा सोनेरी ड्रॅगन होता. १९८५ साली आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'ने ही पद्धत घराघरांत पोहोचवली. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडलेल्या कॅसेटवाल्या खेळात ज्यांनी किल्ल्यातील पुलापलीकडे आगी ओकणारा बाऊजर पाहिला, त्यांना बॉस म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. पुढे २००५ साली जपानी रचनाकार फुमितो उएदा यांच्या 'शॅडो ऑफ द कोलोसस'ने तर किरकोळ शत्रू पूर्णपणे वगळले. त्या विस्तीर्ण, ओसाड प्रदेशात केवळ सोळा महाकाय जीव आहेत आणि प्रत्येकाशी होणारी लढत म्हणजे एक स्वतंत्र कोडे.

हरण्यातील गोडी

जपानच्या 'फ्रॉमसॉफ्टवेअर' या कंपनीने अवघड बॉस ही आपली ओळखच बनवली. 'डेमन्स सोल्स' (२००९), 'डार्क सोल्स' (२०११), 'ब्लडबोर्न' (२०१५), 'सेकिरो' (२०१९) आणि 'एल्डन रिंग' (२०२२) हे हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेले खेळ. यांतील एखाद्या बॉसपुढे खेळाडू वीस-तीस वेळा मरतो आणि तरीही पुन्हा उभा राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा हट्टीपणा वाटतो. खेळणाऱ्याचा अनुभव वेगळा असतो.

चांगला बॉस अवघड असतो, पण अन्यायी नसतो. वार करण्यापूर्वी तो काही खूण देतो. खांदा मागे जातो, तलवार क्षणभर थबकते, पाय रोवला जातो. प्रत्येक डावाला तोड असते आणि प्रत्येक डावानंतर प्रतिवाराची एखादी फट मिळते. पहिल्या लढतीत यातले काहीच दिसत नाही. पाचव्या लढतीत एक डाव ओळखीचा होतो, दहाव्या लढतीत तिसरा. शत्रूची ताकद तेवढीच राहते आणि आपले पाहणे मात्र बदललेले असते. 'एल्डन रिंग'मधील मलेनिया ही योद्धा तर आपला प्रत्येक वार लागताच स्वत:ची शक्ती भरून काढते. तिच्यापुढे अंदाधुंद मार खात लढण्याची सोयच उरत नाही. म्हणूनच अशा लढतीतील विजयाचे समाधान चपळ बोटांपेक्षा लक्षपूर्वक पाहण्याचे अधिक असते. तालमीतला वस्ताद पोराला आधी समोरच्याच्या पायांकडे बघायला सांगतो, तशीच ही शिकवण आहे.

खिंडीतला आखाडा

बॉसच्या लढतीत शत्रूइतकीच जागाही महत्त्वाची असते. 'डार्क सोल्स'मध्ये खेळाडू पांढऱ्या धुक्याचा पडदा ओलांडून बॉसच्या दालनात शिरतो आणि मागची वाट बंद होते. या रचनेची ताकद समजून घ्यायची, तर खालापूर तालुक्यातील एका खऱ्या लढाईकडे पाहावे.

१६६० पासून शाइस्तेखान पुण्यात तळ देऊन होता. कोकणात उतरण्यासाठी त्याने कारतलबखान या सरदाराला फौजेसह पाठवले. सोबत रायबागन ही माहूरकडील कर्तबगार सरदारीण होती. लोणावळ्याच्या बाजूने घाट उतरून ही फौज २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत आली. आजच्या चावणी गावाजवळची, अंबा नदीच्या काठची ही जागा. दोन्ही अंगांना डोंगर आणि दाट रान, मधून चिंचोळी वाट. शिवाजी महाराजांनी घाट उतरेपर्यंत फौजेला अडवले नाही. ती पुरती आत आल्यावर पुढची आणि मागची अशा दोन्ही वाटा बंद झाल्या आणि रानात दबा धरून बसलेल्या मावळ्यांनी हल्ला चढवला. संख्येचा उपयोग उरला नाही, पाण्यावाचून फौजेचा जीव कासावीस झाला. अखेर रायबागनच्या सल्ल्यावरून खानाने शरणागती पत्करली आणि जवळचे धन देऊन आपली सुटका करून घेतली.

खेळाच्या संदर्भात येथे एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. बॉसच्या दालनात शिरणारा खेळाडू स्वत:ला महाराजांच्या जागी कल्पितो. प्रत्यक्षात तो कारतलबखानाच्या जागी असतो. जागा दुसऱ्याने निवडलेली, परतीची वाट बंद आणि समोरच्याला जमिनीचा कण न् कण ठाऊक. महाराजांच्या जागी असतो तो खेळाचा रचनाकार. फरक इतकाच, की खेळाडूला हरल्यावर तीच खिंड पुन:पुन्हा चालून ती वाचायला शिकता येते. खानाला ती संधी एकदाच होती. आणि रायबागनने दाखवलेला समंजसपणा बहुतेक खेळांना अजून सुचलेला नाही. बॉसपुढे शरण जाऊन माणसे वाचवण्याचा पर्याय तेथे क्वचितच मिळतो.

खेळाचे स्थलपुराण

आता दुसऱ्या आनंदाकडे वळू. खेळाच्या जगाचा जो पूर्वेतिहास, त्याला खेळाडू 'लोर' म्हणतात. मराठीत त्याला स्थलपुराण म्हणता येईल. येथे कोण राज्य करीत होते, हे देऊळ का ओस पडले, या राक्षसाच्या गळ्यात राजघराण्याची साखळी कशी, अशा प्रश्नांची ती उत्तरे. काही खेळ ही उत्तरे चित्रपटासारखी सरळ सांगून टाकतात. मियाझाकी यांच्या खेळांत ती विखुरलेली असतात. एखाद्या अंगठीच्या वर्णनातील दोन ओळी, शिरच्छेद झालेला पुतळा, एखाद्या म्हाताऱ्याचे अर्धवट वाक्य, एवढ्यावरून खेळाडूने कथा जुळवायची. लहानपणी आवाक्याबाहेरची इंग्रजी पुस्तके वाचताना न समजलेल्या जागा आपण कल्पनेने भरत असू, असे मियाझाकी यांनी मुलाखतीत सांगितले आहे. या पद्धतीचे मूळ तेथे आहे. 'एल्डन रिंग'ची प्राचीन पुराणकथा रचण्यासाठी तर त्यांनी जॉर्ज आर. आर. मार्टिन या कादंबरीकाराची मदत घेतली.

'डार्क सोल्स'मधील आर्टोरियसची कथा हे याचे सुरेख उदाहरण. हा सरदार अंधाराच्या गर्तेत उतरला आणि त्याने तिच्यावर मात केली, अशी त्या जगातील दंतकथा. त्याच्या थडग्याशी सिफ नावाचा अजस्र लांडगा धन्याची तलवार तोंडात धरून राखण करतो. पुढे जायचे तर त्याला मारावे लागते. घायाळ झाल्यावर तो लंगडू लागतो आणि खेळाडूचा हात जड होतो. २०१२ साली आलेल्या पुरवणी भागात खेळाडू भूतकाळात जातो, तेव्हा वेगळेच सत्य समोर येते. आर्टोरियस हरला होता, अंधाराने त्यालाच ग्रासले होते आणि त्याच्या नावे गाजलेला पराक्रम दुसऱ्याच कुणाचा होता. दंतकथा आणि घडलेली गोष्ट यांतील अंतर येथे कुणी प्रवचन देऊन सांगत नाही. खेळाडूला ते स्वत: गाठावे लागते.

कोंढाण्याची एक ओळ

लोर जुळवण्याची ही रीत सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना परकी वाटू नये. कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या वाटेवर कोंढाण्याची बौद्ध लेणी आहेत. सुमारे इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील हे काम. चैत्यगृहाचे बरेच खांब खालून तुटलेले आहेत. दर्शनी भागात एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीतील एक छोटासा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच त्याचा आशय. कण्ह कोण, बलक शिल्पी होता की आणखी कुणी, त्याने नेमके काय घडवले, याविषयी लेख मौन पाळतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाचे नाव आणि त्याने गुरूचे ठेवलेले स्मरण तेवढे आपल्यापर्यंत पोहोचते.

'डार्क सोल्स'मधील अंगठीचे वर्णन आणि कोंढाण्याचा लेख यांना वाचण्याची रीत एकच आहे. त्यांच्यातील भेद मात्र मूलगामी आहे. खेळातील पुराणाला लेखक असतो. त्याने उत्तर लपवलेले असते, निदान ते लपवल्याचा आभास तरी निर्माण केलेला असतो. लेण्यातील मौनामागे कुणी रचनाकार नाही. ते काळाने पाडलेले भगदाड आहे. तेथे कल्पनेने जागा भरायची, तर ती कल्पना आहे, हे सांगणे भाग आहे. उंबरखिंडीच्या लढाईचे तपशीलही आपल्याला मुख्यत: कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या समकालीन संस्कृत काव्यातून मिळतात. महाराजांच्या आश्रयाने लिहिलेले ते काव्य आहे, याचे भान ठेवूनच इतिहासकार ते वाचतात. खेळात आर्टोरियसच्या दंतकथेवर शंका घेणारा तरुण गडावरच्या माहितीफलकापुढेही तसाच चौकस राहिला, तर या छंदाचे सार्थक झाले म्हणायचे.

पुण्याची 'राजी'

आपल्या कथांचे असे खेळ आपल्याकडे होतात काय? या प्रश्नाचे एक समाधानकारक उत्तर पुण्याने दिले आहे. तेथील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. डोंबाऱ्यासारखे खेळ करणारी राजी असुरांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि महाबलासुर हा तिचा मुख्य शत्रू ठरतो. निवेदन दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून चालते. वाटेतील भित्तिचित्रांपुढे थांबले, की देवादिकांच्या कथा कानी पडतात आणि कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात उलगडतात. त्या वर्षीच्या 'द गेम अ‍ॅवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात या खेळाला नामांकन मिळाले.

'राजी'तील महाल राजस्थानी वळणाचे आहेत. सह्याद्रीतला गड त्यात नाही. 'एम्पायर : टोटल वॉर' या २००९ सालच्या परदेशी खेळात मराठा सत्ता निवडून लढता येते, पण नकाशावर फौजा हलवणे निराळे आणि पेठच्या कोथळीगडाच्या सुळक्यात, खडकाच्या पोटातून कोरून काढलेल्या जिन्याने वर चढणे निराळे. कोपऱ्यापलीकडे काय असेल, हे न दिसणारा तो जिना कोणत्याही रचनाकाराने हेवा करावा असा आहे. मात्र त्याचा केवळ देखावा म्हणून वापर झाला, तर हाती भिंतीवरचे चित्र तेवढे उरेल. जिना तेथेच का, पाण्याचे टाके कुठे आणि शत्रू कुठून दिसतो, हे खेळाडूला शोधायला लावणारा खेळच त्या जागेला न्याय देईल.

येथे दुसरा जीव नाही

पडद्यावरून डोंगराकडे वळणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. सांडशीच्या वरचा ढाकचा बहिरी हा कर्जतमधील अवघड कडा. उभ्या कातळातील आडव्या वाटेने आणि दोराच्या आधाराने बहिरी देवाच्या गुहेत पोहोचता येते. तेथील टाक्यांत देवाची भांडी असतात. ती वापरावीत, घासूनपुसून परत ठेवावीत, असा रिवाज आहे. खेळाडूला भुरळ घालणारे सारे काही येथे आहे. परंतु खेळात पाय घसरला तर मागच्या टप्प्यावरून पुन्हा सुरुवात होते, ढाकच्या कड्यावर होत नाही. जाणकार सोबती आणि योग्य साधने नसतील आणि कातळ ओला असेल, तर माघार हीच खरी हुशारी. रायबागनचा सल्ला येथेही लागू पडतो.

आणखी एक भान हवे. या डोंगरांच्या कुशीत माणसे राहतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाखालच्या आदिवासी वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. इर्शाळगडाच्या सुळक्यातील नेढे पाहायला जाणाऱ्याने त्या वाडीची कथा रहस्य म्हणून चघळू नये. ती कुणाच्या तरी घरची आहे.

अवघड शत्रूपुढे चित्त स्थिर ठेवणे आणि अर्ध्या कथेपुढे घाईने निष्कर्ष न काढणे, या दोन सवयी हे खेळ लावू शकतात. मुलगा रात्री तिसऱ्यांदा त्याच राक्षसाकडून हरत असेल, तर त्याला दटावण्यापूर्वी पालकांनी एकच प्रश्न विचारून पाहावा : "या वेळी तुला नवीन काय दिसलं?" उत्तर मिळाले, तर वेळ वाया गेलेला नाही.