बाजरीच्या रानात तुरीची ओळ



आजच्या सांगलीचा बराचसा मुलूख १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. माण, खटाव, खानापूर या कोरडवाहू भागांत बाजरीबरोबर तूर, मटकी, हुलगा पेरण्याची रीत जुनी आहे. तीत हिशेब होता. बाजरी तीन महिन्यांत निघते. तूर पुढेही उभी राहते आणि परतीच्या पावसावर भरते. बाजरीची मुळे वरच्या थरात, तुरीचे सोटमूळ खोल. एक पीक गेले तरी दुसरे घरात दाणा आणते.

१८८९ साली सरकारने इथली शेती पाहायला इंग्लंडातले रसायनतज्ज्ञ व्होल्कर यांना बोलावले. फेरपालट, मिश्र पिके आणि जमीन पड टाकणे यांची इथल्या शेतकऱ्याला केवढी जाण आहे, याचे नवल त्यांनी १८९३ च्या अहवालात नोंदवले.

पण कडधान्याने रान सुधारते ते कशाने? याचा उलगडा जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ साली मांडला. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींत जीवाणू राहतात. ते हवेतला नत्र धरून पिकाला देतात. गुरुजी, फुलोऱ्याच्या आधी मटकीचे एक रोप मातीसकट खणून काढा आणि गाठ फोडून मुलांना दाखवा. आत लालसर रंग दिसला, की गाठ काम करते आहे असे समजावे.

आता एक गैरसमज. तूर आपला नत्र शेजारच्या बाजरीला त्याच हंगामात फारसा देत नाही. पाला गळतो, मुळे कुजतात, तेव्हा तो पुढच्या पिकाला मिळतो. म्हणून बाजरीला तिचे खत द्यावेच लागते. मात्र रानभर युरिया फेकू नका. आयता नत्र मिळाला की तुरीच्या गाठी मंदावतात. वरखताचा हप्ता ओल असताना बाजरीच्या ओळीलाच द्या. तुरीला गरज असते ती स्फुरदाची. ते पेरतानाच द्यावे. दहा किलो तुरीच्या बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम चोळून ते सावलीत सुकवा. बाजरीच्या दोन ओळींमागे तुरीची एक, हे प्रमाण चांगले.

आमच्या सांगण्यावर जाऊ नका. यंदा अर्ध्या रानात नुसती बाजरी पेरा, अर्ध्यात तूर घाला. पुढच्या वर्षी दोन्हीकडे एकच पीक घ्या, खतही सारखेच द्या, आणि खळ्यावर दोन्ही राशी वेगळ्या मापून पाहा.