नाकारलेले मुखपृष्ठ

१९३६ साली बेल्जियमचे चित्रकार एर्जे यांनी टिनटिनच्या ‘ब्लू लोटस’ या चित्रकथेसाठी मुखपृष्ठ रंगवले. काळ्या पार्श्वभूमीवर लालभडक ड्रॅगन, वर कंदील आणि चिनी फुलदाणीतून डोकावणारे टिनटिन व त्याचा कुत्रा. शाई, गुआश आणि जलरंगांतले हे चित्र जेमतेम ३४ सेंटिमीटर लांब-रुंद आहे. ब्रुसेल्समध्ये शिल्पकला शिकायला आलेल्या झांग चोंगरेन या तरुणाने दोन वर्षांपूर्वी एर्जेंना चिनी कुंचल्याची गोडी लावली होती. ती मैत्री झाली नसती, तर हे चित्र असे झालेच नसते.

प्रकाशक कास्टरमन यांना मात्र ते परवडेना. इतक्या रंगछटा छापायच्या तर चार रंगांची छपाई लागणार, म्हणजे पुस्तक महागणार. एर्जेंनी मग चित्र सोपे केले. पार्श्वभूमी सपाट लाल, ड्रॅगन काळा. वाचकांच्या ओळखीचे मुखपृष्ठ ते हेच. मूळ चित्र एर्जेंनी प्रकाशकांच्या लहान मुलाला दिले आणि त्याने घड्या घालून खणात ठेवून दिले, असे त्या घराण्यात सांगत आले.

त्या काळी यात कुणाला काही वावगे वाटले नसते. मुखपृष्ठाचे मूळ चित्र म्हणजे छापखान्याला लागणारे एक साहित्य. त्याचा फोटो घेऊन प्लेट तयार झाली की त्याचे काम संपले. अमेरिकेतही प्रकाशक अशी चित्रे स्वतःकडे ठेवत, कुणाला देऊन टाकत, कित्येकदा नष्टही करत. चित्रकथाकार जॅक कर्बींनी मार्व्हल या प्रकाशनसंस्थेसाठी हजारो पाने काढली. मोठ्या झगड्यानंतर १९८७ मध्ये त्यांतली सुमारे १,९०० परत मिळाली.

संग्राहक या कागदांकडे ओढले जातात ते का, हे मूळ चित्र पाहिल्यावरच कळते. छापील प्रतीत न दिसणाऱ्या पेन्सिलच्या रेघा, चूक झाकणारा पांढरा रंग, कुंचला दाबून फिरवल्याची जागा, सगळे तिथे असते. ‘ब्लू लोटस’च्या चित्रात तर त्याहून अधिक आहे: छपाईच्या खर्चाने कात्री लावण्याआधी एर्जेंच्या मनात नेमके काय होते, ते. माझ्या मते ते छापलेल्या मुखपृष्ठापेक्षा कितीतरी सरस आहे.

जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या आर्टक्युरिअल या लिलावगृहाने ते लिलावात काढले. खणातल्या भेटीच्या गोष्टीवर शंकाही घेतल्या गेल्या, पण लिलाव झाला. घड्यांच्या खुणांसह त्याला सुमारे ३२ लाख युरो मिळाले.