सारीपाटाची वाट : वेरूळ ते कडा

वेरूळच्या २१व्या लेण्यात, म्हणजे रामेश्वरात, शिव-पार्वती सारीपाट खेळत बसले आहेत. डाव दोघांचा, पण शिल्पकाराने तो दोघांपुरता ठेवलेला नाही. आजूबाजूला सेवकमंडळी आहेत, खाली नंदीभोवती गणांचा दंगा चालला आहे. सहाव्या शतकातलं हे शिल्प पटाच्या खेळाची रीतच सांगून जातं : खेळणारे थोडे, भोवतीचा गोतावळा मोठा.

पुढे ११३०च्या सुमारास कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या करमणुकी सांगताना फाशांचा आणि कवड्यांचा असे दोन वेगळे खेळ दिले. अकबराच्या दरबारातल्या चौसराची, म्हणजे याच पटाच्या खेळाची, नोंद अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त केली. पण हा खेळ राजवाड्यापुरता राहिला नाही. लोककथेतला खंडोबा सारीपाटात म्हाळसेकडून हरतो, बारा वर्षं घर सोडतो आणि धनगरवाड्यावर बाणाईच्या बापाची मेंढरं राखतो. देवाचा संसार पटावर पणाला लावणाऱ्या लोकांच्या घरात पट नक्कीच अंथरलेला असणार.

तो पट जवळून पाहावा. कापडाचे चार पाखे फुलीसारखे जोडलेले. प्रत्येक पाख्यात आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे २४ घरं; चारही पाख्यांची मिळून ९६. चार रंगांच्या १६ सोंगट्या, कातीव लाकडाच्या. लाकूड फिरत असताना त्यावर लाखेची कांडी टेकवायची. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग लाकडावर चढतो. खेळ संपला की पट घडी घालून सोंगट्यांसकट फडताळात जातो. सोंगट्या आणि दान टाकायच्या कवड्या हाताला लागाव्यात, कानाला ऐकू याव्यात, अशीच त्यांची घडण.

नियमांतही माणसं बांधलेली होती. चौघे बसले की समोरासमोरचे दोघे जोडीदार. स्वतःच्या सोंगट्या घरी पोचल्या तरी जोडीदाराच्या पोचेपर्यंत डाव जिंकला असं होत नाही. एका घरात दोन सोंगट्या एकत्र आल्या की त्यांचं जुग होतं आणि एकट्या सोंगटीला ते मारता येत नाही. जुग फुटलं की सोंगटी मेलीच.

इंग्रजांनी हा खेळ नेला आणि सोपा केला. १८९६मध्ये इंग्लंडात ‘लुडो’चं पेटंट निघालं. कापडाचा पुठ्ठा झाला, कवड्यांऐवजी डबीतला एक चौकोनी फासा आला आणि जोडीदार गेला. ज्याची त्याची सोंगटी ज्याच्या त्याच्या घरी. हाच लुडो सापशिडीच्या पाठीवर छापून आपल्याकडे परत आला. २०१६मध्ये नवी मुंबईच्या एका कंपनीने ‘लुडो किंग’ काढला आणि २०२०च्या टाळेबंदीत तो घराघरांत पोचला. दूर अडकलेल्या भावंडांना त्याने एका डावात आणलं, हे त्याचं मोठं काम. पण दान आता यंत्र टाकतं, आणि हातातल्या पडद्याभोवती बघणाऱ्यांना बसायला जागा उरत नाही.

आष्टी तालुक्यातल्या कडा या गावात एकत्र बसण्याचा हा प्रश्न जास्त टोचतो. या भागातली कितीतरी बिऱ्हाडं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. मागे आजी-आजोबा आणि शाळेतली पोरं. सहा महिने फोनवर ख्यालीखुशाली कळते, ती कळायलाच हवी. पण माणसं घरी आल्यावरही प्रत्येकाची मान आपापल्या फोनमध्येच खाली राहिली, तर ती आली कशाला?

म्हणून मला वाटतं, आजचं माणसं जोडणारं खेळणं करायचं तर ते कड्यात गोधडीतून करावं. आजीच्या जुन्या लुगड्याचा एक पाखा, आईच्या साडीचा दुसरा, आजोबांच्या धोतराचा तिसरा, नातवाच्या शाळेच्या सदऱ्याचा चौथा. घरं धावदोऱ्याने टाचलेली, म्हणजे दिवा मंद असला तरी बोटाला समजतील. कवड्यांच्या जागी चिंचोके : दोन फाका करायच्या, पांढरी बाजू दगडावर घासून सपाट करायची, की दान तयार. अशी गोधडी गुंडाळून ऊसतोडीच्या कोपीवरही नेता येईल.

फुलीच्या पटात चार पाख्यांमध्ये चार कोपरे मोकळे राहतात. पुठ्ठ्यावरच्या लुडोने त्यांत रंगीत चौकोन भरले. गोधडीत ते कोपरे कापून टाकावेत, म्हणजे मांडी घालून बसलेल्या पोरांना खेळाच्या आत शिरता येईल. नक्षी कशीही काढा. पण समोर जोडीदार, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडणारं दान आणि बघणाऱ्याला हक्काची जागा, या तीन गोष्टींना कात्री लावू नका. सारीपाट इतकी शतकं टिकला तो त्यांच्याच बळावर, आणि नव्या खेळण्यालाही तेच बळ लागेल.