लॉज, संघ आणि शिपाई : चेन्नईतील एका वास्तूच्या निमित्ताने

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यासमोर तमिळनाडू पोलिसांचे मुख्यालय आहे. ही वास्तू मुळात फ्रीमेसन मंडळींच्या ‘लॉज ऑफ परफेक्ट युनॅनिमिटी’ या बंधुसंस्थेसाठी १८३९ मध्ये उभारली गेली. पोलीस खात्याने ती १८६५ मध्ये भाड्याने घेतली आणि १८७४ मध्ये विकत घेतली. बंधुमंडळ गेले, खाते आले. परंतु बंधुसंस्थेची रचना मात्र खात्याने स्वीकारली नाही.

अमेरिकेत याच्या उलट घडले. पिट्सबर्ग येथे १९१५ मध्ये तेवीस पोलिसांनी ‘फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस’ स्थापन केली. ‘युनियन’ या शब्दाविषयी तेथे रोष होता. म्हणून संस्थापकांनी तो टाळला आणि स्थानिक शाखांना ‘लॉज’ म्हटले. स्थानिक लॉज, राज्य लॉज आणि राष्ट्रीय ‘ग्रँड लॉज’ अशा उतरंडीतून सभासदांचे कायदेशीर संरक्षण आणि सेवाशर्तींच्या वाटाघाटी चालतात. बंधुभावाची भाषा तेथे हक्कांच्या भाषेचे आवरण ठरली.

भारतात कायद्याने या दोन भाषांची फारकत केली. संविधानाच्या अनुच्छेद ३३ च्या आधारे १९६६ मध्ये संमत झालेल्या अधिनियमाने पोलिसांना पूर्वपरवानगीवाचून कामगार संघटनेचे सभासद होण्यास मनाई केली. निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या वा धार्मिक स्वरूपाच्या संस्थांना मात्र मुभा ठेवली. पोलिसांनी एकत्र येऊन उत्सव करावा, गाऱ्हाणे मांडू नये, असा याचा व्यावहारिक अर्थ होतो. दिल्लीतील अराजपत्रित पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघाने या निर्बंधांना आव्हान दिले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध वैध ठरविले.

परवानगीचे हे सूत्र राज्याराज्यांत वेगवेगळे फलित देते. केरळमध्ये १९७९ पासून पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना आहे. मुंबईत मात्र १८ ऑगस्ट १९८२ रोजी, संघटनेची मान्यता काढून नेत्यांना अटक होताच, शिपाई रस्त्यावर उतरले आणि लष्कर बोलवावे लागले. तमिळनाडूत शिपायाचे कल्याण प्रामुख्याने वरून आले : १९८१ चे पोलीस गृहनिर्माण महामंडळ, २०२१ चा साप्ताहिक सुट्टीचा आदेश. या सोयी मोलाच्या खऱ्या. पण आदेशाने मिळालेली सुट्टी कामाच्या निकडीपुढे नाकारली गेली, तर दाद मागणारा शिपाई एकटाच असतो. वरिष्ठ भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांच्या संघटना मात्र उघडपणे कार्यरत आहेत.

तमिळमध्ये ‘संगम्’ हा एकच शब्द प्राचीन कविमंडळालाही लागतो आणि कामगार संघटनेलाही. मराठीत ‘बंधुभाव’ आदर्श मानला जातो, तर ‘भाऊबंदकी’ म्हणजे वाटणीचे भांडण. वाटणीचा प्रश्न वगळून केलेला बंधुभावाचा गौरव शिपायाच्या पदरात काही टाकत नाही, हेच या शब्दांच्या प्रवासातून सूचित होते.