पेरू, पेराद आणि न सापडणारे ‘चीज’ : एका परदेशी फळाच्या स्वदेशी होण्याचा इतिहास

१/
मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत डिंभे लागते. घोड नदीवरील येथील धरणाच्या जलाशयाला ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’ असे नाव आहे. विदेशी कापडाच्या ट्रकसमोर प्राण देणाऱ्या तरुणाचे नाव धारण करणाऱ्या या पाण्याच्या परिसरात, घराच्या परसात आणि शेताच्या बांधावर सहज दिसणारे एक झाड मात्र जन्माने पूर्णतः विदेशी आहे. ते झाड पेरूचे.

२/
तिखट-मीठ लावून खाल्ल्या जाणाऱ्या या फळाची एक गोड वडी होते. गोव्यात तिला ‘पेराद’ म्हणतात, तर इंग्रजीत ‘ग्वावा चीज’. गंमत अशी, की त्या वडीत चीजचा कणही नसतो. हे नाव कोठून आले, खरे चीज वाटेत कोठे राहिले आणि परदेशी वस्तू स्वदेशी होते ती नेमकी कशाने, याचा हा धागा. 🧵

३/
पेरूची मायभूमी अमेरिका खंडाचा उष्ण प्रदेश. कोलंबसाच्या आधी हजारो वर्षे तेथील लोक हे फळ खात होते. कॅरिबियन बेटांवरील ताईनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिश लोकांनी ‘ग्वायाबा’ हा शब्द उचलला. त्यावरून इंग्रजी ‘ग्वावा’ आला. १७५३ साली लिनियसने या झाडाला शास्त्रीय नाव दिले, त्यातही तोच मूळ शब्द डोकावतो : सिडियम ग्वाजावा.

४/
मग मराठीत ‘पेरू’ कसे? पेरू नावाच्या देशावरून, असे अनेकांना वाटते. तो समज चुकीचा आहे. पोर्तुगीज भाषेत ‘पेरा’ म्हणजे नासपती. आकाराने साधारण तसेच दिसणारे हे फळ भारतातील पोर्तुगीज ‘पेरा’ म्हणू लागले. त्याचे कोंकणीत ‘पेर’ झाले आणि मराठीत ‘पेरू’. हिंदीतील ‘अमरूद’ची कथाही अशीच : फारसीत ‘अमरूद’ म्हणजे नासपतीच! पश्चिम किनाऱ्यावर आणि उत्तरेत, दोन वेगळ्या भाषांनी नव्या फळाला एकाच जुन्या फळाचे नाव दिले.

५/
विदर्भ-मराठवाड्यात मात्र अनेक ठिकाणी पेरूला ‘जाम’ किंवा ‘जांब’ म्हणतात, गुजरातीत ‘जामफळ’. हे नाव बाहेरून आलेले नाही. लोकांनी नव्या फळाची सांगड आपल्या परिचयाच्या जांब-जांभळाशी घातली. पुढे वनस्पतिशास्त्रानेही पेरू आणि जांभूळ यांना एकाच कुळात ठेवले : मिर्टेसी. पोर्तुगिजांना आणि फारसी भाषकांना फळाचा आकार दिसला. जांब म्हणणाऱ्यांच्या हाती त्याचे खरे गोत्र लागले.

६/
इ. स. १५०० मध्ये भारताकडे निघालेल्या काब्रालच्या ताफ्याने वाटेत ब्राझीलचा किनारा गाठला आणि त्याच वर्षी तो कालिकतला पोहोचला. १५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला, तर १५३४ मध्ये वसई. लिस्बन, ब्राझील, आफ्रिका आणि गोवा यांना जोडणाऱ्या या सागरी जाळ्यातून मिरची, काजू, अननस, पपई, तंबाखू आणि पेरू भारतात आले. काजू, अननस, बटाटा, पाव हे मराठी शब्दही त्याच जहाजांतून उतरले. गोव्याचे विद्वान धर्मगुरू सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो (१८५५–१९२२) यांनी आशियाई भाषांतील अशा पोर्तुगीज शब्दांचा मागोवा घेण्यात आयुष्याचा मोठा भाग वेचला.

७/
आता वडीकडे. पोर्तुगालमध्ये ‘मार्मेलो’ नावाचे एक आंबट-तुरट फळ पिकते. इंग्रजीत त्याला क्विन्स म्हणतात. कच्चे असताना ते जवळजवळ अखाद्य, पण साखर घालून आटवले की घट्ट, लालसर, सुरीने कापता येणारा गोळा तयार होतो. तो ‘मार्मेलादा’. इंग्रजी ‘मार्मलेड’ शब्दाचे मूळ हेच. लांबच्या समुद्रप्रवासात न नासणारा हा पदार्थ होता.

८/
ब्राझीलच्या उष्ण किनाऱ्यावर मार्मेलो नीट येईना. पेरू मात्र अमाप होते आणि उसाच्या मळ्यांमुळे साखरही विपुल. ती साखर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर उभी होती, हे विसरता येत नाही. जुनी कृती आणि नवे फळ एकत्र आले. त्यातून झाली ‘गोयाबादा’. तीच विद्या गोव्यात आली तेव्हा फळाचे नाव ‘पेरा’ होते, म्हणून वडी झाली ‘पेरादा’ आणि कोंकणी जिभेवर ‘पेराद’. पदार्थ एकच, ब्राझीलमध्ये त्याच्या नावात ताईनो शब्द राहिला, गोव्यात नासपती.

९/
पेरादीची कृती सोपी, पण दमवणारी. पिकलेले पेरू थोड्या पाण्यात शिजवायचे. गर चाळणीवर घासून बिया वेगळ्या करायच्या. गराच्या जवळजवळ बरोबरीने साखर घालून जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर सतत ढवळत राहायचे. शेवटी लिंबाचा रस. मिश्रण भांड्याच्या कडा सोडू लागले की लोणी किंवा तूप लावलेल्या ताटात थापायचे आणि निवल्यावर शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या पाडायच्या. उडणाऱ्या थेंबांनी हात भाजतात, म्हणून पळी लांब दांड्याची लागते.

१०/
ही वडी जमते कशी? पेरूच्या गरात पेक्टिन नावाचा पदार्थ भरपूर असतो. पाणी आटून साखरेचे प्रमाण साधारण ६५ टक्क्यांच्या घरात गेले आणि जोडीला पुरेशी आम्लता असली, की पेक्टिनचे धागे एकमेकांत गुंतून जाळे तयार होते. लिंबू केवळ चवीसाठी नसते. ते हे जाळे घट्ट करते. एवढ्या साखरेत सूक्ष्मजीवांना वाढण्यास मोकळे पाणी उरत नाही. झाडावरून उतरवल्यावर काही दिवसांत नासणारे फळ अशा रीतीने कित्येक आठवडे टिकते.

११/
आणि ‘चीज’? इंग्लंडमध्ये फळांचा गर आटवून केलेल्या, सुरीने कापता येणाऱ्या घट्ट वडीला पूर्वीपासून ‘फ्रूट चीज’ म्हणत. तेथे आलुबुखाऱ्याच्या जातीतील डॅमसन फळाचेही ‘चीज’ होते. तोच शब्द भारतात येऊन पेरादीला चिकटला. म्हणजे या नावातील चीज हे पोताचे वर्णन आहे, घटकाचे नाही.

१२/
अटलांटिकपलीकडे मात्र खरे चीज या वडीला भेटले. ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतातील ताज्या पांढऱ्या चीजचा तुकडा आणि त्यावर गोयाबादाची चकती, या जोडीला तेथे ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ म्हणतात. क्युबात पेरूची वडी आणि चीज भरून खुसखुशीत पेस्ट्री भाजतात. १९५९ च्या क्रांतीनंतर क्युबा सोडून मायामीत गेलेल्या कुटुंबांनी ती तेथे रुजवली आणि तिच्यात अमेरिकी क्रीम चीज स्थिरावले. ते क्रीम चीज न्यूयॉर्क राज्यातील चेस्टर येथे विल्यम लॉरेन्स या दुग्धव्यावसायिकाने १८७२ च्या सुमारास बनवण्यास आरंभ केला. १८८० पासून ते ‘फिलाडेल्फिया’ या नावाने विकले जाऊ लागले.

१३/
मग सह्याद्रीच्या या बाजूला ही जोडी का जमली नाही? दूध येथेही होतेच. एक कारण विरजणाच्या साधनात होते. युरोपीय चीज बहुधा रेनेटने, म्हणजे वासराच्या जठरातून मिळणाऱ्या द्रव्याने गोठवत. गाईला पूज्य मानणाऱ्या घरांत ते शक्य नव्हते. दुसरी अडचण भाषेतही दिसते. मराठीत दह्यासाठी दूध ‘विरजतात’, पण फाटलेले दूध ‘नासते’. पहिल्या क्रियेत कौशल्य आहे, दुसरीत नुकसान. उरलेले दूध दही, लोणी, तूप आणि खवा यांच्या वाटेने जाई.

१४/
तथापि मराठी मुलखाला फाटलेल्या दुधाचे पदार्थ कधीच ठाऊक नव्हते, असे म्हणता येत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तृतीय याने पोर्तुगीज येण्याच्या जवळजवळ चार शतके आधी, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याच्या अन्नविषयक भागात तापलेले दूध आंबट घालून फाडण्याची, चोथा वस्त्रातून गाळून त्याची गोड पक्वान्ने करण्याची रीत आहे. गाळलेल्या दह्यात साखर मिसळून केलेली ‘शिखरिणी’ही त्यात आहे. श्रीखंडाची ती पूर्वज.

१५/
येथे एक लक्षणीय साम्य दिसते. क्रीम चीज म्हणजे साय मिसळलेले दूध आम्लाने घट्ट करून, पाणी निथळवून, न मुरवता खाल्लेला गोळा. श्रीखंडाचा चक्का म्हणजे विरजलेल्या दुधाचे दही फडक्यात बांधून निथळवलेला गोळा. कृतीच्या दृष्टीने दोघे चुलत भावंडेच. आंबा चक्क्याला भेटला आणि आम्रखंड झाले. पेरादीला मात्र चक्क्याचा शेजार लाभला नाही. कारण पेराद ज्या घरांत शिजत होती, त्यांचा सणच वेगळा होता.

१६/
ती घरे गोव्यातील आणि उत्तर कोकणातील ख्रिस्ती कुटुंबांची. गोव्यात नाताळच्या फराळाला ‘कुस्वार’ म्हणतात; त्यात नेवऱ्या, दोदोल, कुलकुल यांच्या शेजारी पेरादीच्या वड्या असतात. मुंबई-वसई पट्ट्यातील मराठी बोली बोलणाऱ्या ईस्ट इंडियन समाजाच्या ताटात पेरूच्या वडीजवळ दूध, साखर आणि काजू आटवून केलेली ‘मिल्क क्रीम’ मांडलेली असते. वसईचा किल्ला १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने जिंकला, पोर्तुगीज सत्ता गेली. वडी मात्र राहिली. ब्राझीलमध्ये चीजशी जमलेली पेरूची जोडी येथे निदान दुधाशी, एकाच ताटात का होईना, जमली.

१७/
घाटावर पेरूचे भाग्य स्वयंपाकघरात नव्हे, तर बागेत फळफळले. १९२७ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात चीमा आणि देशमुख या संशोधकांनी रोपांच्या निवडीतून एक वाण पुढे आणले : ‘लखनौ ४९’, म्हणजेच ‘सरदार’. मोठे फळ, पांढरा गोड गर, भरघोस उत्पन्न. अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता परिसराची ओळख याच पेरूने घडवली. अमेरिकेत जन्मलेले, पोर्तुगिजांनी आणलेले, लखनौचे नाव लाभलेले हे फळ पुण्यात नव्याने घडले आणि देशभर लावले गेले.

१८/
आता पुन्हा डिंभ्याकडे. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे बाबू गेनूंचे गाव. मुंबईत गिरणी कामगार असलेला हा बावीस वर्षांचा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. त्या कापडाचा गुन्हा ते परदेशी होते एवढाच नव्हता. येथला कापूस कच्चा उचलला जाई, मँचेस्टरच्या गिरण्यांत त्याचे कापड होई आणि येथेच चढ्या दराने विकले जाई. कष्ट येथले, मोल तिकडचे. बाबू गेनूंचा विरोध या व्यवहाराला होता.

१९/
स्वदेशीची ही कसोटी पेरूला लावली तर? जन्माने तो परका, नावानेही परका. तरी गोव्यातल्या, वसईतल्या बायकांनी तो शिजवला, घोटला, वड्या पाडल्या. त्यांचे कौशल्य आणि त्याचे मोल त्यांच्या घरातच राहिले. तेथे तो स्वदेशी झाला. उलट, ऐन हंगामात एकदम पिकलेले फळ टोपल्या भरभरून पडेल त्या भावाने जाते आणि त्याचाच गर पुढे पाकिटबंद होऊन कितीतरी महाग परत येतो, तेव्हा अस्सल गावरान पेरूही कापसाच्याच वाटेने चाललेला असतो.

२०/
मृग बहराचे पेरू हिवाळ्यात उतरतात. म्हणजे डिसेंबरात, बाबू गेनूंच्या स्मृतिदिनाच्या आगेमागे झाडे फळांनी लगडलेली असतात आणि त्याच दिवसांत गोव्यात व वसईत पेरादीची भांडी चुलीवर चढतात. दूध, गूळ-साखर, लिंबू आणि पेरू, यांपैकी घोडच्या खोऱ्यात अनोळखी काहीच नाही. चक्का बांधण्याचे फडके घरोघरी आहे. पाचशे वर्षांपूर्वी समुद्रमार्गे आलेल्या या फळाचा गर आणि नऊशे वर्षांपूर्वीच्या शिखरिणीचा चक्का एकाच वाटीत यायला आता फक्त एक लांब दांड्याची पळी हवी. समाप्त.